गाऊट : ठणका थांबतो, आजार थांबत नाही

पनवेल-उरणच्या आपल्या पट्ट्यात लग्नाइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच, थाट हळदीचा असतो. करंजाडे असो की उरणचे एखादे गाव, रात्री उशिरापर्यंत नाचगाणी चालतात, मटणाचे जेवण होते, बऱ्याच ठिकाणी जोडीला बिअर किंवा दारू असते आणि साधे पाणी पिण्याची मात्र कोणाला आठवण राहत नाही. अशा रात्रीनंतर पहाटे तीन-चारच्या सुमारास एखाद्या चाळिशी-पंचेचाळिशीच्या गृहस्थाला पायाच्या अंगठ्यातील ठणक्याने जाग येते. उजाडेपर्यंत अंगठ्याचे मूळ लालबुंद होते, सुजते, हाताला गरम लागते. पायावर चादर टेकली तरी जीव कळवळतो. नाचताना मुरगळला असेल, असे म्हणून घरातले कोणी तेल लावून चोळून देते आणि दुखणे आणखी वाढते. मग औषधाच्या दुकानातून गोळी येते. आठ-दहा दिवसांत सूज उतरते, चप्पल पायात जाते आणि सगळे जण ती गोष्ट विसरून जातात.

हे दुखणे बऱ्याच वेळा मुरगळणे नसून गाऊट नावाचा सांध्यांचा आजार असतो. या आजाराची मोठी अडचण अशी की, त्याचा ठणका आपोआप थांबतो. ठणका थांबला म्हणजे आजार गेला असे रोग्याला वाटते. प्रत्यक्षात सांध्यातील बिघाड तसाच राहतो, काही वर्षे मुकाट्याने वाढतो आणि अखेर सांधा वाकडा होईपर्यंत किंवा मूत्रपिंडाला इजा पोचेपर्यंत लक्षात येत नाही. वेळीच ओळखला तर मात्र सांधेदुखीच्या सगळ्या आजारांत हाच एक असा आहे की, ज्याचे मूळ कारण नेमके ठाऊक आहे आणि ते दूर करण्याची औषधेही स्वस्तात उपलब्ध आहेत. म्हणून त्याची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

युरिक ॲसिड येते कोठून?

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत प्युरिन नावाचे पदार्थ असतात. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, त्या वेळी प्युरिनचे विघटन होऊन युरिक ॲसिड तयार होते. मांस, मासे यांच्याही पेशींत प्युरिन असते, त्यामुळे खाण्यातूनही ते येते. ढोबळमानाने पाहता शरीरातील दोन तृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींतून आणि एक तृतीयांश आहारातून तयार होते. म्हणजेच युरिक ॲसिड हे काही बाहेरून शिरलेले विष नव्हे. ते प्रत्येकाच्या रक्तात असतेच.

बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिक ॲसिड आणखी फोडून टाकणारे एक विकर असते. माणसात आणि वानरांच्या काही जातींत ते उरलेले नाही. त्यामुळे आपल्याला ते बाहेर टाकूनच द्यावे लागते. सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड मूत्रपिंडे लघवीवाटे टाकतात, उरलेले आतड्यांतून जाते. गाऊटच्या दहापैकी जवळजवळ नऊ रोग्यांमध्ये दोष असतो तो या बाहेर टाकण्याच्या कामात. टाकीत पाणी नेहमीसारखेच येत असावे, पण खालची तोटी अर्धवट तुंबलेली असावी, तसा हा प्रकार. ही तुंबलेली तोटी पुष्कळदा आईवडिलांकडून आलेली असते. त्यामुळे एकाच पंगतीत, एकाच पातेल्यातले मटण खाऊन नऊ जण ठणठणीत राहतात आणि दहाव्याचा अंगठा सुजतो.

सांध्यात काय घडते?

उरण-पेणकडची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. खाडीचे पाणी वाफ्यात घेतले की सुरुवातीला ते नुसते पाणीच दिसते. ऊन लागून पाणी आटत जाते आणि एका मर्यादेनंतर त्यात मीठ विरघळलेले राहू शकत नाही, त्याचे खडे धरू लागतात. रक्तातील युरिक ॲसिडचेही तसेच. शरीराच्या तापमानाला दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत ते विरघळलेले राहते. प्रमाण त्याहून वर जाऊन वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर काही जणांच्या सांध्यांत, कूर्चेवर आणि स्नायुबंधांवर त्याचे सुईसारखे टोकदार सूक्ष्म स्फटिक जमू लागतात.

हे स्फटिक जमत असताना काहीच दुखत नाही. पुढे कधीतरी एखाद्या निमित्ताने त्यांतले काही सुटे होऊन सांध्यातील द्रवात येतात. रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना जंतूंसारखे परके समजून गिळायला धावतात. पण स्फटिक पचत नाहीत. त्या झटापटीत पेशींतून दाह निर्माण करणारी रसायने बाहेर पडतात आणि काही तासांत सांधा पेट घेतल्यासारखा होतो. साधारण बारा ते चोवीस तासांत वेदना कळसाला पोचते. पुढे शरीरच हा दाह आवरते आणि एक-दोन आठवड्यांत झटका ओसरतो. स्फटिक मात्र जागेवरच असतात.

अंगठाच का, असा प्रश्न पडेल. पहिल्या झटक्यांपैकी निम्म्याहून जास्त झटके पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येतात. पाय हृदयापासून सर्वांत दूर, म्हणून सर्वांत थंड. आणि थंडाव्यात युरिक ॲसिड कमी विरघळते. शिवाय चालताना या सांध्यावर रोज भार येतो, त्याची थोडीफार झीज झालेली असते. रात्री पाय आणखी थंड पडतात, शरीरातले पाणीही कमी झालेले असते, म्हणून झटका बहुधा रात्री किंवा पहाटे येतो. अंगठ्याखेरीज पायाचा वरचा भाग, घोटा, गुडघा, मनगट, कोपर आणि बोटांचे सांधेही धरले जातात.

झटक्याला निमित्त होणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत : दारू, जड मांसाहार, अंगातले पाणी कमी होणे, कडक उपवास, शस्त्रक्रिया, मोठा ताप, सांध्याला लागलेला मार. न्हावाशेवा बंदराच्या रस्त्यावर तासन् तास गाडी चालवणारे चालक वाटेत लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणी टाळतात. उन्हात बांधकामावर काम करणाऱ्यांचे पाणी घामावाटे जाते. अशांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

दुखत नाही त्या काळात

पहिल्या झटक्यानंतर दुसरा झटका सहा महिन्यांनी येईल, कधी दोन-तीन वर्षांनीही येईल. मधल्या काळात माणूस धडधाकट असतो. उपचार केले नाहीत तर पुढे झटके जवळजवळ येऊ लागतात, जास्त दिवस टिकतात आणि एकाऐवजी दोन-तीन सांधे धरतात. दहा-पंधरा वर्षांनी काही रोग्यांच्या बोटांच्या सांध्यांवर, कोपरावर, टाचेमागच्या शिरेवर, कानाच्या पाळीच्या कडेवर टणक गाठी दिसू लागतात. एखादी गाठ फुटली तर आतून खडूच्या भुकटीसारखा पांढरा पदार्थ येतो. तो पू नसतो, साठलेले युरिक ॲसिडचे स्फटिक असतात. या गाठी हाडालाही आतून पोखरतात. अशा सांध्याच्या क्ष-किरण चित्रात हाडाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. मग बोटे वाकडी होतात, मूठ वळत नाही, पायात साधी चप्पल चढत नाही. शेतकऱ्याला, मासेमारी करणाऱ्याला किंवा गवंड्याला याचा अर्थ रोजगार बुडणे असाच होतो.

मूत्रपिंडांचे दुखणे वेगळेच. लघवीत युरिक ॲसिडचे खडे होतात. हे खडे साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत, सोनोग्राफी करावी लागते. शिवाय गाऊटच्या रोग्यांत रक्तदाब, मधुमेह, स्थूलपणा आणि हृदयविकार यांचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे सुजलेला अंगठा हे निमित्त समजून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडांची तपासणी करून घेण्यात शहाणपणा आहे.

राजरोग ही जुनी समजूत

हा आजार फार पुरातन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्ताचे स्वतंत्र प्रकरण असून त्याला 'आढ्यवात' असेही नाव दिलेले आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत. वातरक्ताची सगळी वर्णने आजच्या गाऊटशी जुळतात असे नाही, पण हातापायांच्या लहान सांध्यांपासून सुरुवात होते हे निरीक्षण जुळणारे आहे. युरोपातही हा राजेरजवाड्यांचा रोग मानला जाई. स्पेनचा राजा आणि रोमन सम्राट पाचवा चार्ल्स (१५००–१५५८) याला गाऊटने जर्जर केले होते. त्याच्या बोटाचा एक तुकडा स्पेनमध्ये जपून ठेवलेला होता. २००६ साली तो तपासला तेव्हा त्यात युरिक ॲसिडचे स्फटिक सापडले.

गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते हे इंग्लंडमधील डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८४८ साली दाखवून दिले. १९६१ साली अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सांध्यातील द्रवात हे स्फटिक विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची पद्धत रूढ केली. त्याच दशकात ॲलोप्युरिनॉल हे औषध आले. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना त्यांच्या एकूण औषधसंशोधनासाठी १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता मटण, बिअर आणि गोड शीतपेये सर्वांच्याच आवाक्यात आली आहेत. त्यामुळे राजरोग हे नाव केवळ पुस्तकात उरले आहे.

प्रत्येक सांधेदुखी गाऊट नव्हे

अलीकडे उलट प्रकारही दिसतो. गुडघा दुखला, टाच दुखली की लोक परस्पर प्रयोगशाळेत जाऊन युरिक ॲसिड तपासतात आणि आकडा थोडा जास्त दिसला की गाऊटची गोळी सुरू करतात. या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातील एक पाहणी उद्बोधक आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. साधारण पाच-सहा प्रौढांमागे एकाला हाडे, सांधे किंवा स्नायूंच्या दुखण्याची तक्रार होती. पण गाऊटचे रोगी त्यांत फारच थोडे निघाले. बहुतेकांचे दुखणे सांध्यांच्या झिजेचे किंवा कष्टाने आलेल्या स्नायूंच्या वेदनांचे होते.

म्हणून फरक ओळखता आला पाहिजे. झिजेच्या संधिवातात गुडघे हळूहळू, वर्षानुवर्षे दुखत जातात, बसल्या-उठल्या त्रास होतो. आमवातात दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच सुजतात आणि सकाळी तासभर तरी आखडलेले राहतात. पावसाळ्यात ताप येऊन एकदम सगळे सांधे धरले तर चिकुनगुनियाचा विचार करावा. गाऊटची सुरुवात बहुधा एकाच सांध्यापासून, अचानक आणि भडक स्वरूपात होते. मात्र एक सांधा सुजला आणि सोबत थंडी वाजून जोराचा ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग होऊन पू झालेला असू शकतो. त्यात एका दिवसाचाही उशीर सांधा निकामी करू शकतो. अशा वेळी घरी न थांबता लगेच रुग्णालय गाठावे.

रक्ततपासणीबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, युरिक ॲसिड वाढलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधीच गाऊट होत नाही. दुसरी, ऐन झटक्यात तपासणी केली तर आकडा तात्पुरता खाली आलेला असू शकतो, त्यामुळे तपासणी दोनेक आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. खात्रीचे निदान सांध्यातील द्रव सुईने काढून त्यात स्फटिक दिसल्यावरच होते. ते जमले नाही तर लक्षणे, रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांच्या आधारे डॉक्टर निदान करतात.

झटका आल्यावर काय करावे?

सांध्याला पूर्ण विश्रांती द्यावी. पाय उशीवर उंच ठेवावा. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा शेकावे. गरम शेक, चोळणे, मालीश टाळावे. पाणी भरपूर प्यावे, दारूला हात लावू नये.

औषधे तीन प्रकारची आहेत : सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, कॉल्चिसिन आणि स्टिरॉइड. तिन्ही गुणकारी आहेत आणि जितकी लवकर सुरू होतील तितका झटका लवकर आवरतो. कोणाला कोणते द्यायचे हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. मूत्रपिंड अशक्त असलेल्याला, पोटात अल्सर असलेल्याला किंवा हृदयविकार असलेल्याला वेदनाशामक गोळ्या घातक ठरू शकतात. मधुमेही माणसाची साखर स्टिरॉइडने चढते. दर झटक्याला दुकानातून त्याच त्या गोळ्या आणून वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे आधी गाऊटने आणि मग गोळ्यांनी, अशी दोन्हीकडून भरडली जातात. उपजिल्हा रुग्णालय पनवेललाच आहे, एमजीएम रुग्णालय जवळच कामोठ्याला आहे. एवढी सोय असताना दुकानदाराच्या भरवशावर राहण्याचे कारण नाही.

येथे एक गंभीर सूचना द्यावीशी वाटते. पावसाळ्यात आपल्या रानात, कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावीची वेल दिसते. तिच्या कंदात कॉल्चिसिन असते हे खरे आहे, औषधासाठी तिची लागवडही होते. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फार थोडे अंतर आहे. कंद खाल्ल्याने जुलाब-उलट्या होऊन, एकेक अवयव बंद पडून मृत्यू ओढवतो. कोणी सांधेदुखीवर कळलावीचा कंद पोटात घ्यायला सांगितला तर अजिबात ऐकू नये.

खरा उपचार झटक्यानंतरचा

वरची औषधे म्हणजे आग विझवणे झाले. आग लावणारे स्फटिक काढायचे तर रक्तातील युरिक ॲसिड विरघळण्याच्या मर्यादेच्या खाली आणावे लागते आणि खालीच ठेवावे लागते. मिठागराच्या वाफ्यात गोडे पाणी सोडले की साचलेले मीठ हळूहळू विरघळते, त्याचप्रमाणे युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली राहिले की सांध्यातील स्फटिक विरघळू लागतात. गाठी झालेल्या असतील तर ते ५ च्याही खाली ठेवतात. यासाठी ॲलोप्युरिनॉल हे मुख्य औषध आहे. ते चालत नसेल तर फेबुक्सोस्टॅट देतात. मात्र हृदयविकार असलेल्यांना ते विचार करूनच दिले जाते.

हे औषध प्रत्येकाला लागत नाही. वर्षातून दोन किंवा अधिक झटके येत असतील, गाठी झाल्या असतील किंवा क्ष-किरण चित्रात हाडाची हानी दिसत असेल तर ते निश्चित सुरू करावे. मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असेल, किंवा युरिक ॲसिड ९ च्या वर असेल, तर पहिल्या झटक्यानंतरही डॉक्टर ते सुचवतात.

नेमके याच ठिकाणी बरेच रोगी वाट चुकतात. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके कमी होण्याऐवजी कधी कधी वाढतात. कारण साचलेले स्फटिक विरघळताना सुटे होतात आणि त्यांच्यावर पांढऱ्या पेशी तुटून पडतात. रोग्याला वाटते, औषध लागू पडत नाही, उलट बाधते आहे. तो गोळी बंद करतो आणि पुन्हा पहिल्यासारखी अवस्था येते. खरे तर हे औषध काम करू लागल्याचे लक्षण असते. म्हणूनच डॉक्टर सुरुवात थोड्या मात्रेने करतात, दर काही आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा वाढवतात आणि पहिले तीन ते सहा महिने झटका टाळण्यासाठी सोबत कॉल्चिसिनची अल्प मात्रा देतात. झटका आला तरी चालू असलेले ॲलोप्युरिनॉल बंद करायचे नसते.

याला एकच अपवाद आहे. गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तोंड आले, डोळे लाल झाले किंवा ताप आला तर गोळी त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांकडे जावे. अशी प्रतिक्रिया क्वचित येते, पण आली तर जिवावर बेतू शकते.

खाण्यापिण्याचे काय?

गाऊट झाला की पहिली कुऱ्हाड तुरीच्या डाळीवर, मटकीवर आणि पालकावर पडते. हे अन्यायाचे आहे. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची १२ वर्षे पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष आले, त्यांत जास्त मांस आणि मासळी खाणाऱ्यांत गाऊट अधिक आढळला, पण प्युरिन असलेल्या भाज्या व डाळी खाणाऱ्यांत तो वाढलेला दिसला नाही. दूध-दही खाणाऱ्यांत तर कमीच होता. तेव्हा वरणभात, उसळ, पालेभाजी, ताक हे सुखाने खावे. आंबटही बाधत नाही. युरिक 'ॲसिड' हे नाव ऐकून लिंबू सोडण्याची गरज नाही.

आवरायचे ते हे : कलेजी, भेजा, वजडी यांसारखे अवयवांचे मांस, सुकट, जवळा, तारली यांसारखी सुकी किंवा लहान मासळी, तिसऱ्या, कोळंबी आणि मटणाचा दाट रस्सा. मासळी हे आपल्या भागाचे अन्न आहे, ती कायमची सोडा असे सांगणे व्यवहारी नाही. ताजी मासळी एखादा-दुसरा तुकडा, आठवड्यातून एक-दोनदा, असे प्रमाण ठेवावे आणि झटक्याच्या दिवसांत ती बंद ठेवावी. सांध्यांना बळ येते म्हणून पायाचे सूप पिणे हा गाऊटवर उपाय नव्हे.

दारूत बिअर सर्वांत वाईट. दारूमुळे युरिक ॲसिड तयारही जास्त होते आणि बाहेरही कमी टाकले जाते. बिअरमध्ये तिचे स्वतःचे प्युरिन असते ते वेगळेच. बाटलीबंद गोड शीतपेये दारूइतकी बदनाम नाहीत, पण त्यांतील साखरही युरिक ॲसिड वाढवते. दारू न पिणाऱ्या तरुणांना गाऊट होतो तेव्हा हेही तपासावे.

गटारीला पोटभर मटण-दारू आणि लगेच श्रावणात कडक, निर्जळी उपवास, हा क्रम गाऊटच्या रोग्याला दोन्ही बाजूंनी मारतो. उपाशी राहिल्यानेही युरिक ॲसिड चढते. वजन कमी करायचे ते महिन्याला एक-दोन किलो या बेताने, चालून आणि जेवण आटोपशीर ठेवून करावे. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्याने डॉक्टरांनी पाणी मोजून दिले असेल त्यांनी मात्र ते प्रमाण पाळावे.

एवढे सगळे पथ्य पाळूनही युरिक ॲसिड साधारणपणे एखाद्या मिलिग्रॅमनेच उतरते. ज्याचा आकडा ९ आहे तो पथ्याने ८ वर येईल, ६ वर नाही. पथ्य औषधाला मदत करते, पण ते औषधाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून एखाद्याला गाऊट झाला की तो खादाड किंवा दारुडा असणार, असा शिक्का मारू नये. पूर्ण शाकाहारी, निर्व्यसनी माणसांनाही हा आजार होतो.

काही नेहमीच्या शंका

युरिक ॲसिड ७.८ आले आहे, पण काहीच दुखत नाही. गोळी घ्यावी का?
सहसा नाही. वजन, रक्तदाब, साखर आणि मूत्रपिंडे तपासून घ्यावीत, पाणी वाढवावे, दारू व गोड पेये कमी करावीत. नुसत्या आकड्यासाठी औषध लागत नाही.

स्त्रियांना गाऊट होतो का?
पाळी सुरू असेपर्यंत क्वचितच, कारण स्त्रीसंप्रेरकामुळे युरिक ॲसिड लघवीवाटे चांगले बाहेर जाते. पाळी गेल्यानंतर हे संरक्षण कमी होते. विशेषतः रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क स्त्रियांना तो होऊ शकतो आणि अनेकदा बोटांच्या सांध्यांत होतो.

इतर औषधांमुळे युरिक ॲसिड वाढते का?
होय. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हृदयासाठी रोज घेतली जाणारी ॲस्पिरिनची लहान गोळी आणि क्षयरोगावरील पायराझिनामाइड यांनी ते वाढते. पण यांतील कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. क्षयाचा उपचार अर्धवट सोडणे किंवा हृदयरोग्याने ॲस्पिरिन थांबवणे हे गाऊटपेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. डॉक्टरांना फक्त कल्पना द्यावी, ते पर्याय सुचवतील.

गोळी आयुष्यभर घ्यावी लागते का?
बहुतेकांना होय. बंद केली की काही आठवड्यांत युरिक ॲसिड पूर्वपदावर जाते आणि स्फटिक पुन्हा जमू लागतात. रक्तदाबाच्या गोळीसारखीच ती समजावी. आकडा ६ च्या खाली स्थिर झाल्यावर सहा महिन्यांतून एकदा तपासणी पुरते.

वाकडी झालेली बोटे सरळ होतील का?
गाठी एक-दोन वर्षांच्या नियमित उपचाराने लहान होतात, कित्येकदा नाहीशाही होतात. पण कुरतडले गेलेले हाड पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून गाठी होण्याची वाट पाहू नये.

लक्षात ठेवा

१. एकच सांधा अचानक, रात्रीतून लाल होऊन सुजला तर चोळू नका. बर्फ लावा आणि डॉक्टरांना दाखवा.
२. सुजलेल्या सांध्यासोबत थंडी-ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.
३. झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, साखर आणि रक्तदाब तपासा.
४. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची सवय लावू नका.
५. औषध सुरू झाले असेल तर बरे वाटले म्हणून किंवा सुरुवातीला दुखले म्हणून ते सोडू नका. पुरळ उठले तर मात्र लगेच थांबवा.
६. डाळ-भाजी सोडू नका. दारू, अवयवांचे मांस, सुकी मासळी आणि गोड शीतपेये आवरा.
७. घरात कोणाला गाऊट असेल तर भावांनी आणि मुलांनी वजन व दारू यांबाबत आधीपासून सावध राहावे.

पहिला झटका येऊन गेला असेल आणि आज पाय अगदी ठीक असेल, तर तपासणीसाठी हीच योग्य वेळ आहे. पुढचा ठणका उठण्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.